चिखलात काय काय आहे!

भिगवणला एप्रिलमध्ये जा. डिसेंबरात जाऊ नका असं नाही, पण एप्रिल चुकवू नका. हे मी सध्या ऑफिसात, लिफ्टमध्ये, भाजीवालीशी घासाघीस करतानासुद्धा, भेटेल त्याला सांगत सुटले आहे. समोरच्याचा प्रश्न ठरलेला: "आत्ता? आता तर सगळे पक्षी गेले असतील ना?" गेले नाहीत हो! निघायच्या बेतात आहेत. आणि निघण्याआधी त्यांचं जे काही रूप होतं, ते मला इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही, याचा राग मला अजून येतोय.

सांगितलं नव्हतं असंही नाही म्हणा. आमचे आतोबा इंदापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर एक दुर्बीण, एक तिपाई आणि एक स्पॉटिंग स्कोप एवढाच त्यांचा संसार उरलाय, असं आत्या म्हणते. थंडीत आम्ही सगळे जायचो. कुंभारगावातून होडीत बसायचं, रोहितांचे गुलाबी थवे पाहायचे, फोटो काढायचे, वर चिलापीचा झणझणीत रस्सा ओरपायचा आणि संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅफिकला शिव्या देत परत. या खेपेला आतोबांचा फोन आला तो वेगळ्याच सुरात. "अगं, रोहित काय, लांबूनही गुलाबी दिसतात. ते बघायला विशेष काही लागत नाही. आता ये. वेडर्स रंगलेत."

वेडर्स म्हणजे काठाकाठाने, चिखलात आणि घोटाभर पाण्यात चालून पोट भरणारे पक्षी. तुतवार, चिखल्या, शेकाट्या, टिटवी ही त्यातली ओळखीची मंडळी, आणि गॉडविट, स्टिंट, रफ, ग्रीनशँक ही परदेशी पाहुणी. माझ्या लेखी हे सगळे "ते करड्या रंगाचे काहीतरी" होते. होडीतून रोहितांकडे जाताना ते दोन्ही बाजूंनी उडून जायचे आणि आम्ही मानही वळवायचो नाही.

पहाटे उजाडायच्या आत आम्ही काठावर होतो. काठ म्हणायचं, पण काठ होता कुठे? जिथून जानेवारीत होडीत बसलो होतो तिथे आता वाळलेली, भेगाळलेली जमीन होती. तिच्यावर कुणीतरी गाळपेर करून कसलीशी पेरणीही केलेली. पाणी गेलं होतं दूर, आणि त्याच्या मागोमाग शेतकऱ्यांच्या मोटारी गेल्या होत्या. काळे पाइप आणि केबली जमिनीवरून सरपटत अंधारात नाहीशा झालेल्या. पाणी जसं मागे सरतं तसा रोज आणखी एक पाइप जोडायचा, मोटार पुढे न्यायची, हे इथल्या उन्हाळ्यातलं नेहमीचं काम. टॉर्चच्या उजेडात पाय टाकत आम्ही त्या पाइपांच्या कडेकडेने चालत राहिलो. आमच्या पुढे होता होडीवाला. वर्षातले आठ महिने मासे धरणारा आणि चार महिने पाहुण्यांना पक्षी दाखवणारा माणूस. आतोबांना तो "सर" म्हणतो, कारण सातवीत त्यांच्याच हातचा मार खाल्लेला.

"किती खाली गेलंय रे पाणी?" आतोबांनी विचारलं.

"मायनसमदी गेलं की सर, कवाच."

हे "मायनस" प्रकरण पुण्यात बसून कळत नाही. भिगवणचं हे पाणी म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचं. ते १९८०च्या सुमारास पूर्ण झालं. त्यात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त, जवळपास ६३ टीएमसी, मृतसाठा धरलेलं. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या पाण्याची. त्यामुळे उन्हाळ्यात वरचं संपलं की आकडा शून्याच्या खाली उतरतो आणि सोलापूर जिल्ह्यात सकाळच्या चहाबरोबर "आज उजनी वजा किती?" ही चौकशी सुरू होते. फार आटलं की पळसदेवचं पाण्यात गेलेलं जुनं देऊळ उघडं पडतं, मग ते बघायला गर्दी. शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो तो याच आकड्याने. आणि वेडरची दिवाळी होते तीही याच आकड्याने! इथला काठ इतका सपाट, की पाणी हातभर उतरलं तरी कितीतरी मीटर नवा चिखल उघडा पडतो. काल पाण्याखाली होता तो आज मोकळा. रोज नवीन ताट वाढलेलं.

पूर्वेला तांबूस झालं. समोर लांबवर राखाडी चिखलाचा पट्टा, त्यापलीकडे पातळ पाणी. चिखलात काही ठिपके हलताहेत एवढंच मला दिसत होतं. आवाज मात्र केवढा! बारीक शीळ, तुटक टिक-टिक, मध्येच एक तीन सुरांची खणखणीत हाक. ("ग्रीनशँक," आतोबा पुटपुटले, डोळा स्कोपवरून न काढता.) मग त्यांनी स्कोप माझ्याकडे वळवला, उंची कमी केली आणि म्हणाले, "बघ. घाई करू नकोस."

मी बघितलं, आणि मला वाटतं माझ्या तोंडून किंकाळीच फुटली असावी, कारण होडीवाल्याने वळून "ताई, हळू" असं खुणावलं.

भिंगात एक पक्षी होता. चिमणीहून किंचित लहान. लिटल स्टिंट. हिवाळ्यात हाच पक्षी वरून करडा आणि खालून पांढरा, चिखलाच्या रंगात विरघळणारा असतो. आता त्याच्या पाठीवरचं प्रत्येक पीस काळंभोर, आणि प्रत्येक पिसाला विटकरी-तांबूस किनार, जणू कुणी बसून एकेक काढलीय. पाठीवर दोन फिक्या पिवळट रेघा येऊन इंग्रजी व्ही होतो. गालावर, छातीच्या कडांना गंजासारखा रंग चढलेला. पाय काळे. आणि ते पाय, देवा, ते थांबतच नव्हते! चार पावलं, टोच, टोच, टोच, वळण, पुन्हा चार पावलं. स्कोप जरा मागे घेतला तर एक नाही, सगळा पट्टाच त्यांनी भरलेला. तव्यावर मोहरी तडतडावी तसे शेकडो जीव इकडून तिकडे उडताहेत आणि एकही दुसऱ्याला धडकत नाही.

"वजन किती असेल सांग," आतोबा म्हणाले.

मी म्हटलं, शंभर ग्रॅम? ते हसले. "वीस ते तीस. आणि जायचं कुठे, तर सैबेरियाच्या टोकाला. टुंड्रात. इथून पाच-सहा हजार किलोमीटर."

हे मी शाळेत वाचलं होतं. पक्षी स्थलांतर करतात, थंडीत येतात, उन्हाळ्यात जातात, परीक्षेत दोन मार्क. पण समोर पंचवीस ग्रॅमचा जीव चिखलात पळतोय आणि तो जूनमध्ये आर्क्टिकला, न मावळणाऱ्या सूर्याखाली अंडी घालून बसलेला असेल, हे एकाच वेळी डोक्यात मावेना. मी स्कोपवरून डोळा काढला, त्या रिकाम्या माळाकडे बघितलं, उसाच्या फडाकडे, लांबून येणाऱ्या सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजाकडे, आणि परत डोळा लावला. तो अजून तिथेच. टोच, टोच.

आता मला कळलं की एप्रिलच का. प्रवासाला निघण्याआधी पिसं बदलतात. तिकडे पोचायचं, जोडीदार मिळवायचा, आणि तिथला उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. तिथे गेल्यावर नटायला वेळ नाही, म्हणून लग्नाचे कपडे इथेच, आपल्या भीमेच्या चिखलात घालून निघायचं. सगळे सारखे तयार नसतात. कुणी पूर्ण रंगलेला, कुणी अर्धा, कुणी अजून हिवाळ्याच्याच करड्या वेषात. गॉडविटांचा एक थवा पोटभर पाण्यात उभा होता. मान आणि छाती लालसर विटेच्या रंगाची, पण प्रत्येकाचा रंग वेगळ्या पायरीवर. स्पॉटेड रेडशँक तर बघतच राहावा असा. थंडीत फिकट राखाडी असणारा हा पक्षी रंगला की पार काळा होतो. समोरचा मधल्या अवस्थेत होता, काळे डाग पडलेला, कुणी दौत सांडल्यासारखा म्हणावा तर आतोबा रागावतील. "उपमा नंतर. आधी पाय बघ, चोच बघ."

चोच! त्यावर मी एक वेगळा लेख लिहू शकते. स्टिंटची चोच आखूड, त्यामुळे तो वरवरचं टिपतो. तुतवाराची जरा लांब. गॉडविटची इतकी लांब की मुंडकं पाण्यात घालून तो ती तळाच्या गाळात खुपसतो. म्हणजे एकाच चिखलात वरचा मजला एकाचा, तळघर दुसऱ्याचं, आणि भांडण नाही. त्याहून भन्नाट म्हणजे यांतल्या कित्येकांच्या चोचीचं टोक संवेदनशील असतं. हाडात बारीक खळगे, त्यांत स्पर्श आणि दाब ओळखणारे चेतातंतू. आंधळ्या गाळात काय वळवळतंय ते चोचीलाच कळतं. आणि ते धरायला अख्खी चोच उघडायची, तर वरचा सगळा चिखल रेटावा लागेल, म्हणून ती बुडाशी मिटलेलीच ठेवून फक्त टोकापाशी उघडते! वरच्या चोचीचं टोक तेवढं वाकतं. मी हे ऐकून गॉडविटकडे नव्या नजरेने पाहायला लागले. पठ्ठ्या डोकं पाण्यात घालून शांतपणे उभा, आणि खाली केवढा उद्योग चाललाय.

"पण खातात काय एवढं?" मी विचारलं. होडीवाला काही न बोलता पुढे गेला, उकिडवा बसला, ओंजळभर काळा गाळ उचलला आणि पाण्यात हलवून माझ्यापुढे धरला.

"हात पुढं करा ताई. चावत नाय."

तळहातावर गाळ, आणि गाळात लालभडक, दोऱ्याएवढ्या बारीक अळ्या. वळवळ, इंग्रजी आठाचा आकडा काढत. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या एका माशीच्या या अळ्या. लाल का, तर त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. त्यामुळे प्राणवायू जवळजवळ नसलेल्या गाळातही त्या तग धरतात. आणि इतका गाळ, इतकं खत इथे येतं कुठून? आतोबांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडून." मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा इथे येऊन थांबते. पुण्याचं सांडपाणी उजनीत उतरतं ही काही गुप्त गोष्ट नाही, इथले लोक त्यावरून वर्षानुवर्षं ओरडताहेत. मासे मरतात, पाण्याला वास येतो, पिण्याचे हाल. माझ्या हातावरच्या अळ्यांचा त्या घाणीशी किती संबंध होता हे मला ठरवता येईना, आणि स्टिंटसाठी आनंद मानावा की पुणेकर म्हणून मान खाली घालावी हेही. दोन्ही केलं.

तेवढ्यात आतोबांचा आवाज बदलला. "इकडे ये, इकडे ये, इकडे ये." स्टिंटांच्या गर्दीत एक त्यांच्यापेक्षा मोठा, चोच खाली वाकलेली, आणि अंग असं लाल की सूर्य वर येऊन त्याच्यावर पडला तेव्हा तो पेटल्यासारखा दिसला. कर्ल्यू सँडपायपर. समुद्रकाठी पुष्कळ, पण इथे आतल्या बाजूला एखाददुसराच. त्याचं घर उत्तर सैबेरियात, तैमिर द्वीपकल्प वगैरे भागात. आता जी गोष्ट आतोबांनी सांगितली ती ऐका. तिथे लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी असतात. त्यांची संख्या काही वर्षांच्या फेऱ्याने भरमसाट वाढते आणि कोसळते. लेमिंग भरपूर असले की आर्क्टिकचे कोल्हे त्यांच्यावर पोट भरतात आणि पक्ष्यांची अंडी-पिल्लं वाचतात. लेमिंग कोसळले की कोल्हे घरट्यांवर तुटून पडतात आणि त्या हंगामात कर्ल्यू सँडपायपरची नवी पिढी फार थोडी जगते. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे या पक्ष्याची पिल्लं किती दिसणार, हे तिकडच्या उंदरांनी ठरवायचं! मी तिथेच, चिखलात, मटकन बसले. जीन्सचं जे झालं ते झालं.

आणि हे ऐका, ती पिल्लं इथे एकटी येतात. आईबाप आधी निघून येतात. पिल्लं मागून, काही आठवड्यांनी, आपली आपण. वाट दाखवायला कुणी नाही, आधी कधी पाहिलेलं नाही, तरी पोचतात. माझ्या पुतण्याला पौड फाट्यावरून घरी यायला गुगल मॅप लागतो.

या लांब उड्डाणांचं वेड मला असं लागलंय की मी घरी येऊन रात्रभर वाचत बसले. बार-टेल्ड गॉडविट म्हणून एक आहे, आमच्या गॉडविटचा भाऊबंद. २०२२ मध्ये अशाच एका पिल्लाच्या पाठीवर बसवलेल्या उपग्रह टॅगने दाखवलं की ते अलास्काहून टास्मानियाला, १३,५६० किलोमीटर, अकरा दिवसांत, कुठेही न उतरता गेलं. ना खाणं, ना पाणी. वय पाच महिने! निघण्याआधी हे पक्षी चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करतात आणि मग, हा भाग मी तीनदा वाचला, वाटेत ज्याचा उपयोग नाही ते पोट, आतडी, यकृत आक्रसून घेतात. सामान कमी करायचं म्हणून आतडी कमी! आपण एसटीने निघताना चार पिशव्या जास्त घेतो.

आपल्याकडून जाणारे मध्य आशियाच्या वाटेने जातात. सेंट्रल एशियन फ्लायवे म्हणतात, तीस देशांवरून जाते ती. भिगवणचा चिखल त्या वाटेवरचं एक खानावळ-वजा स्टेशन.

रफ पाहिल्याशिवाय मात्र माझं पान पुढे सरकणार नाही. या पक्ष्याचे नर मादीपेक्षा चांगलेच मोठे, आणि तिकडे गेल्यावर त्यांच्या मानेभोवती पिसांची मोठी झालर येते. कुणाची काळी, कुणाची पांढरी, कुणाची तपकिरी. तशी पूर्ण झालर इथे दिसत नाही, इथे नुसती सुरुवात, छातीवर गडद ठिगळं. पण गोष्ट पुढे आहे. काळ्या-तपकिरी झालरीचे नर मैदानात जागा अडवून भांडतात. पांढऱ्या झालरीचे भांडत नाहीत, भांडणाऱ्याच्या शेजारी नम्रपणे उभे राहून संधी साधतात. आणि तिसरा प्रकार शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये जगापुढे मांडला. हे नर दिसायलाच मादीसारखे! ना झालर, ना आकार. मैदानात खुशाल वावरतात, कुणाला संशय येत नाही. हे सगळं जन्मतःच ठरलेलं असतं, गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसल्यामुळे. "आपल्या गावच्या राजकारणात हे तिन्ही प्रकार आहेत," आतोबा म्हणाले. होडीवाला इतका हसला की थवा उडाला.

थवा उडाला! ते एक राहिलंच सांगायचं. शेकडो स्टिंट एकदम उठले, वळले तेव्हा सगळे पांढरे, पुन्हा वळले तेव्हा सगळे काळे, कुणी हुकूम दिला नाही, आणि दोन चकरा मारून पुन्हा तिथेच बसून, टोच, टोच. पुन्हा बघायला मिळावा म्हणून मला टाळी वाजवायचा मोह झाला. इथे आतोबांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहून मी हात खिशात घातले. नंतर समजलं का ते. या दिवसांत प्रत्येक उड्डाण त्यांच्या साठवलेल्या चरबीतून वजा होतं. फोटोसाठी होडी थव्यात घालून पक्षी उडवणारे महाभाग थंडीत खूप बघितलेत आणि कधीकाळी मी त्यांच्या फोटोंना लाइकही दिलेत. आता देणार नाही.

साडेसात झाले आणि ऊन लागायला लागलं. मला वाटलं आता परत. पण आतोबा उलट्या दिशेला, वाळलेल्या भेगाळ जमिनीकडे निघाले. "आता दुसरा अंक. पायाखाली बघून चाल. एकेक पाऊल."

इथे पाहुणे नाहीत, इथे घरचे. एक कंठेरी चिखल्या आमच्यासमोर तुरुतुरु पळाली, थांबली, आणि पाहता पाहता तिचा एक पंख लोंबायला लागला. बिचारी खुरडत, फडफडत, एका बाजूला कलंडत चालली. मी पुढे धावणार तोच आतोबांनी दंड धरला. "नाटक आहे. ती आपल्याला अंड्यांपासून लांब नेतेय. तू तिच्यामागे गेलीस की पंधरा पावलांवर पंख बरा होतो." आणि झाला की! भुर्रकन उडून गेली. मग आम्ही तिथून मुकाट मागे फिरलो आणि लांब जाऊन स्कोप लावला. पाच मिनिटांनी ती परत आली, पळत, थांबत, भलत्याच दिशेला बघत, आणि एका जागी बसली. तिच्या पोटाखाली काही आहे यावर विश्वास बसेना. मग ती जरा उठली आणि दिसली. चार अंडी, टोकं आतल्या बाजूला, मातीच्या रंगाची, ठिपक्यांची. आजूबाजूच्या खड्यांत आणि त्यांच्यात फरक करायला मला तीनदा डोळे चोळावे लागले. घरटं म्हणून काही नाहीच. नुसता खळगा. उघड्यावर.

या उघड्या जमिनीवर दुपारी चाळीस अंश होतं. अंडी उबवायची नाहीत, थंड ठेवायची! आई-बाप आळीपाळीने उन्हाकडे पाठ करून सावली धरून उभे राहतात. प्रॅटिनकोल तर पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. हा प्रॅटिनकोल म्हणजे वेडरच, पण आपण वेडर आहोत हे विसरलेला. लांब टोकदार पंख, पाकोळीसारखा हवेतच किडे धरतो. त्यांची सगळी वसाहत पुढच्या उंचवट्यावर होती, आम्ही तिकडे गेलोच नाही. "आपण दहा मिनिटं उभं राहायचं, ते दहा मिनिटं उडत राहणार, अंडी शिजणार. वर कावळा बसलाच आहे." मोबाइल घेऊन घरट्याजवळ वाकणाऱ्या प्रत्येक माणसाला हे एक वाक्य सुनवायला हवं.

टिटवी मात्र आमची पाठ सोडेना. डोक्यावर घिरट्या, टिट्-टिव्-टिव्-टिट्, पार आभाळ डोक्यावर घेतलेलं. लहानपणी ती रात्री ओरडली की आजी देवाचं नाव घ्यायची. समुद्राने अंडी नेली म्हणून समुद्राशी वैर धरणारी पंचतंत्रातली टिटवी ती हीच, आणि तिचा आवेश बघता समुद्राने घाबरायला हरकत नाही. गाळपेरीच्या रानात एका ठिकाणी ट्रॅक्टरच्या रेघा सरळ येत होत्या आणि मध्येच वळसा घालून पुढे गेलेल्या. मधे परातीएवढी जागा न नांगरलेली. होडीवाल्याने नुसतं बोट दाखवलं. टिटवीची अंडी दिसली की शेतकरी औत वळवतो, एवढंच. बोर्ड नाही, कुंपण नाही.

आणि त्या दोन गोष्टी शेजारी-शेजारी! इकडे घरच्यांची बाळंतपणं चाललेली, आणि हाकेच्या अंतरावर, ओल्या चिखलात, पाहुण्यांची निघायची गडबड. जानेवारीत पाहुणे असतात पण रंग नसतो, अंडी नसतात. जूनमध्ये अंडी असतील तर पाहुणे नसतात. दोन्ही एकाच नजरेत बसतात ते याच काही आठवड्यांत, पाणी मायनसमध्ये असताना, आणि नेमके तेव्हाच आपण "सीझन संपला" म्हणून दुर्बिणी कपाटात टाकतो.

नऊच्या सुमारास होडीवाल्याच्या घरी भाकरी, ठेचा आणि रात्रीच्या चिलापीचा रस्सा. ओसरीवर त्याचा सातवीतला पोरगा शाळेची वही घेऊन बसलेला. वहीत अभ्यास नव्हता, नावं आणि तारखा होत्या. कुठला पक्षी कधी दिसला, शेवटचा कधी. काही नावं आतोबांनी शिकवलेली, काही त्याची स्वतःची. मी वही हातात घेतली ती सोडवेना. जेवताना आतोबांचं आणि त्याचं भांडण जुंपलं, दोघांनी आधी कधीतरी पाण्याच्या कडेला पाहिलेला एकटा छोटा पक्षी लिटल स्टिंट की टेमिंक्स स्टिंट. आतोबा म्हणत होते उजेड उलट होता, सांगता येत नाही. पोराने घासही न थांबवता सांगितलं, "पाय पिवळं व्हतं सर. टेमिंकच." आतोबा गप्प. मग हळूच मला म्हणाले, "टेमिंक्सची मादी एका घरट्यात अंडी घालून ती नराच्या ताब्यात देते आणि दुसरीकडे दुसरी घालून स्वतः बसते. आहे की नाही?" तिथे आधीच येऊन बसलेली आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "चांगलं आहे."

मी पोराला विचारलं, हे गेलेले परत कधी येतील? दिवाळीला? त्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की विचारू नका.

"दिवाळी कुठं ताई? तुकोबांची पालखी इंदापुरातनं पुढं गेली की महिन्याभरात पहिला तुतवार येतो बघा. लय आधी. मागल्या साली बैलपोळ्याच्या पण आधी आलता."

म्हणजे ऑगस्ट! म्हणजे चार महिन्यांत सैबेरिया, लग्न, अंडी, पिल्लं आणि परत! मी तिथेच फोन काढून ऑगस्टमधल्या सगळ्या शनिवारांवर "भिगवण" लिहून टाकलं. आतोबांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ऑगस्ट राहू दे. पुढच्या शनिवारी काय करतेयस? अजून गेले नाहीयेत ते."